सुभानचे पंच्याहत्तर चेंडू

"लाभ," मी ओरडलो, आणि सुभान तडवीनं पहिला चेंडू टाकला.

चेंडू कॅचरच्या हातमोज्यात असा काही बसला की मैदानाच्या कडेला बांधलेली म्हैस दावं तोडून थेट तापीपर्यंत पळाली, असं मी पुढं कित्येक वर्षं सांगत आलो. म्हैस नव्हती. रेडकू होतं, आणि ते नुसतं दचकलं. पण आवाज खरा होता.

"दोन रे दोन... दोन रे दोन... तीन रे तीन..."

"थांब, थांब," फेगडे सर म्हणाले. "एक कुठं गेला?"

"सर, आमच्यात एक म्हणत नाहीत. पहिलं माप लाभ. मग दोन."

सगळी पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि संघाला सांगितलं, "हसू नका. हा मापाड्याचा पोरगा आहे. मार्केट यार्डात याचा बाप हजार पोत्यांचं माप करतो आणि एक आकडा चुकत नाही. आजपासून चेंडू ओंकार मोजणार."

ओंकार भारंबे म्हणजे मी. तेव्हा सोळाचा होतो. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या मुलखात. तिथं बेसबॉल कसा पोचला हे विचारू नका. फेगडे सर पुण्याकडं दहा दिवसांच्या शिबिराला गेले आणि येताना दोन बॅटी, सात हातमोजे आणि टाइप केलेला एक कागद घेऊन आले. कागदावर लिहिलं होतं की वाढत्या वयाच्या पिचरनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यानं, एका सामन्यात पंच्याहत्तरच्या वर चेंडू टाकू नयेत. कोपराची शीर कोवळी असते, एकदा गेली की गेली. सरांनी त्या कागदाला प्लास्टिकचं वेष्टण घातलं आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला. सामना जिंकत असो की हरत असो, पंच्याहत्तर झाले की पिचर बदलायचा. दुसऱ्या शाळा त्यांना हसायच्या. त्या शाळांची पोरं दीडशे-दीडशे चेंडू टाकायची.

आमचा पहिला पिचर सुभान. दुसरा मी. दुसरा म्हणजे बाकावर बसून पंच्याहत्तर व्हायची वाट बघणारा.

आता सुभानबद्दल सांगतो. तो पाड्यावरचा. अंगानं काटक, बोलायला कमी. गावातल्या राणे कुटुंबाच्या शेतात त्याचा बाप सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी होता. हातात गोफण घेऊनच जन्मला म्हणायचे लोक. मी तेव्हा असं म्हणणाऱ्यांचा द्वेष करायचो. सरांनी स्वतःचा हातमोजा त्याला दिला, मला शाळेचा फाटका. तेही मी पचवलं असतं. पण एकदा माझे वडील मैदानावर आले. माझी मोजणी ऐकायला म्हणून आले, यार्डातून सायकल मारत, डोक्यावरची टोपी घामानं भिजलेली. मी मुद्दाम चढा सूर लावला. रात्री जेवताना म्हणाले, "त्या तडव्याच्या पोराचा हात पाह्यला का? दगड मारला तर चंद्र खाली येईल."

"आणि माझी मोजणी?" मी विचारलं.

"ती काय, आपल्या घरचीच," वडील म्हणाले आणि भाकरी मोडली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ठरवलं की सुभानचे पंच्याहत्तर थोडे लवकर यायला हवेत.

माझ्या वडिलांचं माप सरळ होतं, त्याबद्दल शंका नको. आजोबांचं मी सांगत नाही. आजोबा मला पोत्यांच्या थप्पीवर बसवून सांगायचे, "आकडा शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत बदलायचा नसतो. तो तपकीर काढायला खाली वाकतो ना, तेव्हा बदलायचा." मापाडी दोन मापांच्या मधल्या वेळात तोच आकडा घोळवत राहतो, तो विसरू नये म्हणून. "सोळा रे सोळा, सोळा रे सोळा." ऐकणारा त्या सुरात गुंगतो. मध्ये कुणी खोकलं, भांडलं, चहा आला, की सोळाचा चौदा झालेला कुणाच्या लक्षात येत नाही. सूर मात्र तुटता कामा नये.

बेसबॉलमध्ये भांडणं भरपूर. अंपायरनं हात वर केला की निम्मं मैदान त्याच्यावर धावायचं. तेवढ्यात मी "एकवीस रे एकवीस" वरून "तेवीस रे तेवीस" वर उतरायचो, अगदी मऊ. सामन्याच्या टेबलावर बसलेले लोक धावा लिहायचे. चेंडू कुणीच लिहीत नव्हतं. पंच्याहत्तरचा नियम आमच्या सरांच्या घरचा, आणि त्याचा हिशेब माझ्या तोंडात.

दसऱ्यापर्यंत सुभान साठ-बासष्ट चेंडूंतच बाहेर यायला लागला. सर घड्याळ बघायचे, कपाळाला आठी घालायचे, पण मापाड्याच्या घरावर शंका कोण घेणार? सुभान मुकाट्यानं चेंडू माझ्या हातात द्यायचा आणि तिसऱ्या बेसवर जाऊन उभा राहायचा. एकदाही माझ्याकडं वाकड्या नजरेनं बघितलं नाही. त्याचाही मला राग यायचा. चोरी झालेल्या माणसानं निदान ओरडावं तरी.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला चार दिवस राहिले. तो सामना बघायला विभागाच्या संघाची निवड करणारे दोघं येणार होते आणि त्यांना पिचर एकच हवा होता. एक. हे सरांनी सांगितल्यापासून मला झोप नव्हती. एका पहाटे मी उठलो आणि राण्यांच्या शेताकडं गेलो. सुभान चोरून सराव करतो, असा मला दाट संशय होता.

संशय खरा निघाला, असं मला वाटलं. ज्वारी दाण्यावर आली होती. मधोमध मचाण, मचाणावर सुभान. पाखरांचा थवा उतरला की त्याची गोफण गरगरायची, दगड सुटायचा, थवा उठायचा, शंभर हात पुढं जाऊन पुन्हा बसायचा. पुन्हा गोफण. मी बांधाआड बसून मोजायला लागलो. सवयच ती. सूर्य कासराभर वर येईतो दोनशे चाळीस दगड झाले. आता कुणी म्हणेल ही थाप. नाही. या गोष्टीतले आकडे मी वाढवत नाही, एवढ्यासाठी की ते तेव्हाच वाढवून झाले होते.

मग तो खाली उतरला, पाटाच्या कडेला बसला आणि उजवा हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवून बराच वेळ डोळे मिटून राहिला. उठला तेव्हा समोर मी.

"काय रे भो," तो दचकून म्हणाला. "इकडे कसा?"

"फिरायला आलो होतो."

"इतक्या सकाळी?"

"डॉक्टरनं सांगितलंय," मी म्हणालो. सोळा वर्षांच्या पोराला कुठला डॉक्टर पहाटे फिरायला सांगतो? तो हात पुसत पुसत जवळ आला.

"ओंकार, सरांना सांगू नको."

"काय?"

"हेच. तू पाह्यलं ते."

"नाही सांगत," मी म्हणालो. मनात म्हटलं, सांगतो कशाला, कापतोच. चोरून सराव करतोस काय. घरी जाताना ठरवलं की अंतिम सामन्यात याचे पंधरा-सोळा चेंडू खायचे.

सामना रविवारी सकाळी. केळी उतरवून रिकाम्या झालेल्या ट्रकमधून आम्ही पूल ओलांडून जिल्ह्याच्या गावी गेलो, बुडाखाली वाळलेली केळीची पानं. सर ड्रायव्हरशेजारी. निवडणारे दोघं झाडाखाली खुर्च्या टाकून बसले होते; एक जाडा, एक बारीक, दोघांच्याही डोळ्यांवर काळे चष्मे.

"लाभ," मी सूर लावला.

सुभाननं त्या दिवशी काय टाकलं. मला अजून त्याचा त्रास होतो. समोरच्या संघाचे तीन गडी बॅट खांद्यावरून न हलवताच परत गेले. बारीक निवडकर्त्यानं चष्मा काढला. जाड्यानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मी सूर आणखी चढवला. चौथ्या इनिंगला अंपायरशी मोठं भांडण झालं, सर स्वतः मैदानात धावले, आणि मी बासष्टवरून सत्तरवर गेलो. सूर तुटू दिला नाही. आजोबा असते तर मला तपकीर दिली असती.

"पंच्याहत्तर रे पंच्याहत्तर."

सर थबकले. "झाले?"

"झाले, सर."

सुभाननं टाकले होते अठ्ठावन्न. आकडा मला आजही पाठ आहे. तो चेंडू माझ्या हातात देताना म्हणाला, "सांभाळून टाक, भो." मला वाटलं टोमणा आहे. तो तिसऱ्या बेसवर गेला आणि मी पिचरच्या उंचवट्यावर चढलो.

"तुझे कोण मोजणार?" सरांनी बाकावरून विचारलं.

"मीच, सर. मापाडी बोलत बोलतच पोतं उचलतो."

सरांना ते पटलं. माझ्या तोंडून आलेलं काहीही त्यांना पटायचं. मी "लाभ" म्हणालो आणि पहिला टाकला. मग दुसरा टाकला आणि तरीही "लाभ रे लाभ" म्हणत राहिलो.

मला काय हवं होतं ते समजून घ्या. अठ्ठावन्न चेंडू सुभानला बघितलं, आता निवडणाऱ्यांनी मला बघावं, पोटभर बघावं. पंच्याहत्तरला सरांनी उतरवलं तर काय राहिलं? म्हणून स्वतःच्या दोन चेंडूंना, कधी तिनांनाही, मी एकच आकडा लावत गेलो. सातवी इनिंग संपली तेव्हा दोन्ही संघ चार-चार. सामना सात इनिंगांचा, तो बरोबरीमुळं लांबला. आठवी. नववी. ऊन डोक्यावर आलं. माझ्या तोंडी आकडा छत्तीस, आणि कोपराच्या आतल्या बाजूला कुणी सुई टोचून ठेवल्यासारखं झालं. मी म्हटलं, घामानं असेल. घामानं कोपर दुखतं, हे शास्त्र मी त्याच क्षणी काढलं.

अकराव्या इनिंगला त्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर पोचला. म्हणजे सुभानच्या अगदी बाजूला. सुभाननं पंचांना हात केला, वेळ मागून घेतला आणि चालत माझ्यापाशी आला. तोंडावर हातमोजा धरून हळूच बोलला.

"ओंकार, एकशे चार झाले."

"सत्तेचाळीस झालेत."

"तोंडानं सत्तेचाळीस. मी पाह्यलं ना. पाखरं मोजायची सवय आहे मले. बस कर आता."

"आणि कोण टाकणार? तू?"

"मी नाही टाकू शकत, मी उतरलेला आहे. बाकावरचा सुधाकर टाकेल. तुझा हात खाली यायला लागला, भो. कोपर लोंबतंय."

मी त्याच्याकडं बघितलं. झाडाखाली जाडा आणि बारीक आमच्याकडंच बघत होते. हा माणूस भर मैदानात, त्यांच्या डोळ्यांदेखत, मला उतरवायला आलाय. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, म्हणून तोही तेच करतोय, याबद्दल मला तिळभरही शंका आली नाही.

"जा तुझ्या जागेवर," मी म्हणालो. "जळतोस तू माझ्यावर."

त्यानं तोंडावरचा हातमोजा खाली घेतला. मग गेला.

पुढचे चेंडू मी सुभानवर टाकले. म्हणजे समोर गडी उभा होता, पण मला सुभानच दिसत होता. अंगातला सगळा जोर काढून. अठ्ठेचाळीस रे अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास. एकावन्न म्हणायला तोंड उघडलं आणि कोपरात सुकलेली तुरीची शेंग तडकावी तसा आवाज आला. तो आवाज मी ऐकला, कॅचरनं ऐकला, आणि कॅचर तर साठ फुटांवर होता. चेंडू कुठं गेला मला माहीत नाही. तिसऱ्या बेसवरचा गडी पळत होम प्लेटला पोचला आणि आम्ही एका धावेनं हरलो.

मी मातीत बसलो होतो. हात माझा आहे असं वाटत नव्हतं. सर धावत आले, गुडघ्यावर टेकले.

"किती झाले?"

"एकावन्न," मी म्हणालो.

"नक्की?"

मी मान हलवली. सरांनी वर बघितलं. सुभान शेजारी उभा होता.

"तू समोर होतास. किती?"

मला वाटलं, झालं. आता हा बोलणार. बोलावंच त्यानं. मी त्याच्या जागी असतो तर निवडणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो असतो. एकशे अकरा. मीही मनात मोजतच होतो.

"एकावन्नच, सर," सुभान म्हणाला.

सरांनी खिशातून तो प्लास्टिकमधला कागद काढला, एकदा वाचला, आणि उभे फाडून चार तुकडे केले. प्लास्टिक फाटेना, तर दातानं फाडलं. "पंच्याहत्तर म्हणे," ते स्वतःशीच पुटपुटले. "पोरगं एकावन्नला गेलं."

निवडणाऱ्यांनी संध्याकाळी चार वाजता नाव वाचलं. सुभान तडवी.

परत येताना ट्रकमध्ये सगळी पोरं पेंगत होती. माझा हात सरांच्या रुमालानं गळ्यात बांधलेला. ट्रक खड्ड्यात गेला की डोळ्यांपुढं काजवे. सुभान माझ्या बाजूला येऊन बसला आणि त्यानं वाळलेल्या पानांचा गठ्ठा करून माझ्या कोपराखाली सारला.

"का बोललास खोटं?" मी विचारलं. अजूनही मला त्यात काहीतरी डाव दिसत होता.

"तू माझ्यासाठी बोलला ना दोन महिने."

"काय?"

"आता काय लपवतो," तो हसून म्हणाला. "रोज सकाळी दोन-अडीचशे दगड मारायचे आणि मग मैदानावर यायचं. पोळ्यापासून कोपर दुखतंय म्हटलं तर सर काढून टाकतील. शेत सोडलं तर बाप काढून टाकेल. साठ झाले की माझा जीव जायचा. आणि नेमका साठला तू पंच्याहत्तर ओरडायचा." त्यानं माझ्या चांगल्या खांद्यावर थाप मारली. "मी आधी चक्रावलो. म्हटलं, मापाड्याचा पोरगा चुकतो कसा. मग त्या दिवशी तू शेतात आला, तेव्हा समजलं. तुले आधीपासूनच माहीत होतं."

ट्रक पुलावर चढला. खाली तापी संथ चालली होती.

"होतं ना?" सुभाननं विचारलं.

माझ्या आयुष्यात मी कित्येक थापा मारल्या, त्यातल्या बहुतेक लांबलचक. ही सगळ्यात आखूड.

"हो," मी म्हणालो.

पुढं सुभान विभागाकडून खेळला, मग राज्याकडून, बारा वर्षं. फेगडे सरांनी शाळेत नवा नियम लावला: चाळीस चेंडू, एकही जास्त नाही, आणि ज्याच्या घरी राखण असेल त्यानं गोफण डाव्या हातानं मारायची. ही दुसरी अट सुभाननं त्यांना सांगितली असावी. आमची शाळा त्यानंतर फारसं काही जिंकली नाही. पण त्या मैदानावरून नंतर एकही पोरगं हात गळ्यात बांधून घरी गेलं नाही. सर वारेपर्यंत त्यांना वाटत राहिलं की ओंकार भारंबेचा हात एकावन्न चेंडूंत गेला, आणि चूक त्यांच्या कागदाची होती. मी दोनदा त्यांच्या घरापर्यंत जाऊन परत आलो. दुसऱ्यांदा तर त्यांनी खिडकीतून बघितलं आणि चहाला बोलावलं. चहा पिऊन परत आलो.

माझा उजवा हात आजही सरळ होत नाही. मी पोरांना त्याच्या सात गोष्टी सांगतो. एकीत अस्वल आहे, एकीत मोटेत अडकलेला बैल, एकीत तर सातपुड्यातला अख्खा कडा. पोरं हसतात आणि कुणी एकीवरही विश्वास ठेवत नाही. पारावर माझ्या थापांना टाळ्या मिळतात. विश्वास मिळत नाही, आणि मी तो कधी मागितलाही नाही.

पण वर्षातून एकदा सुभान गावात येतो. आता त्याचे केस पांढरे झालेत, चालतो मात्र अजून ताठ. पारावर माझ्या शेजारी बसतो, माझी अस्वलाची गोष्ट पूर्ण ऐकून घेतो आणि मग पोरांना म्हणतो, "याचं काही ऐकू नका. खरं मी सांगतो." आणि सांगतो: कसं या माणसानं माझं दुखणं ओळखलं, कुणाला कळू न देता माझे चेंडू कमी केले, माझा हात वाचवला, आणि माझ्या वाटचे स्वतः टाकता टाकता स्वतःचा हात घालवला. त्याला सांगता येत नाही. मध्येच अडखळतो, आकडे पुढंमागं करतो, कुठं थांबायचं हे त्याला कळत नाही. तरी पोरं चिडीचूप. मागच्या वेळी तर पाटलांच्या सुनेनं डोळे पुसले.

माझ्या नावावरची सगळ्यात मोठी थाप ती, आणि ती मी मारलेली नाही. इतक्या वर्षांत माझ्या एका गोष्टीला असा ऐकणारा मिळाला नाही. अजून जळतो मी त्याच्यावर.

तो थांबतो, माझ्याकडं बघतो. पोरंही बघतात. मी मान खाली घालतो, आणि सगळ्यांना तो माझा नम्रपणा वाटतो.